शेवटची पाच मिनिटं : उजळणी की वेळकाढूपणा?

खडूवाला : हे सत्रभर एकच गोष्ट करून पाहिली. तास संपायला पाच मिनिटं उरली की वह्या-पुस्तकं बंद. कोऱ्या चिठ्ठीवर आजचं जे आठवतंय ते लिहायचं. नाव नाही, गुण नाहीत. चिठ्ठ्या चाळल्या की उद्या कुठून सुरुवात करायची ते कळतं. पण सहकारी म्हणतात, असले खेळ परवडत नाहीत. तुमचं काय मत?

रोखठोक : सहकारी बरोबर बोलतायत. 40 मिनिटांच्या तासात पाच मिनिटं म्हणजे आठवा हिस्सा. आठ तासांमागे एक तास गेला! आणि मुलं लिहिणार काय, तर 'आज अपूर्णांक शिकलो'. झाली उजळणी.

मागचा बाक : 'गेला' कसा? रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटानं उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते : 81 टक्के, आठवणारे 75. आठवड्यानं मात्र वाचणारे 42 वर आले, आठवणारे 56 वर. वाचताना सगळं येतंय असं वाटतं, तिथेच फसगत होते.

रोखठोक : ती कॉलेजची मुलं, आणि उतारा जेमतेम पानभर. माझी पोरं भागाकार करतात. चुकीची पायरी आठवून लिहिली तर तीच पक्की होणार, त्याचं काय?

खडूवाला : हा मुद्दा मान्य, माझ्याकडेही झालंय. त्रिकोणाचं क्षेत्रफळ म्हणून निम्म्या वर्गानं 'पाया गुणिले उंची' लिहिलं, अर्धा गायब! दुसऱ्या दिवशी आधी कागदाचा आयत कर्णावर कापायला लावला, मग पुढचा धडा. चिठ्ठ्या नसत्या तर हे मला थेट परीक्षेत कळलं असतं. 'काय शिकलो' असं मोघम विचारू नका, एक नेमका प्रश्न द्या.

शाईचा डाग : चिठ्ठ्या ठीक, पण त्या गट पाडून घेतलेल्या प्रश्नमंजूषा नकोत. गोंगाट सगळ्यांचा, उत्तरं त्याच चौघांची. त्यापेक्षा प्रश्न विचारून गप्प बसा. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी मोजलं होतं, शिक्षक उत्तरासाठी सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांबतात, एरवी न बोलणारेही बोलतात. (तीन सेकंद वर्गात फार लांब वाटतात, करून बघा.)

मागचा बाक : थांबल्यावर आधी शेजाऱ्याशी बोलू द्या, मग हात वर. बुजरी मुलंही बोलतात.

रोखठोक : बरं, तडजोड. तासाच्या शेवटी नाही, सुरुवातीला. कालचा एक प्रश्न, दोन मिनिटं, लगेच फळ्यावर उत्तर. हजेरी घेता घेता उरकेल.

खडूवाला : चालेल की, रात्र मध्ये गेली तर उलट बरंच. फक्त हजेरी चालू असताना कुणी वही उघडत नाही ना, तेवढं बघा.