अनुभव धागा: डायल-अप लागत नाही, तुटतं, रांगतं. ग्राहकाकडे नेमकं काय तपासायचं?

नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून ब्रॉडबँड घरोघरी येईपर्यंत नाशिक आणि पंचक्रोशीत डायल-अप (टेलिफोनच्या तारेवरून मोडेमने डायल करून लागणारं इंटरनेट) ग्राहकांच्या तक्रारी ज्यांनी निस्तरल्या, त्यांना लिहायचं आवतण. आठवणींचा धागा वेगळा काढू. इथे कृती लिहा. कोणती खूण दिसली की हात कुठे घालायचा, आकड्यांसकट. फॅक्स, जुनी स्वाइप यंत्रं, ईपीएबीएक्सचं (ऑफिसातल्या अंतर्गत टेलिफोन एक्सचेंजचं) दुरून मेंटेनन्स अशा ठिकाणी मोडेम अजून भेटतात, म्हणून हे टिपून ठेवलेलं बरं.

गंगापूर_रोड

सुरुवात फोनवरच्या तक्रारीपासून करतो. घरात लाइन एकच, म्हणजे ग्राहक आपल्याशी बोलतोय तोवर डायल करू शकत नाही. त्यामुळे पुढच्या पाच मिनिटांचं काम आधीच सांगून फोन ठेवायला लावायचं: कागद-पेन घ्या, स्पीकर मोठा करा, डायल करा, आवाज कुठपर्यंत आला आणि पडद्यावर कोणता एरर नंबर आला ते लिहा, मग परत फोन करा. ‘नेट चालत नाही’ एवढ्यावर कधीही माणूस घरी पाठवू नये.

आवाजांचा क्रम असा. डायल टोन, आकडे, एक-दोन रिंग, मग समोरून सुमारे तीन सेकंद सलग शिट्टी (ही 2100 हर्ट्झची असते), त्यानंतर किरकिर. 56 के (सेकंदाला 56,000 बिट्सचा वेग) जुळत असेल तर मधे ‘डुंग-डुंग’ असे ठोके, शेवटी फसफस आणि शांतता. शिट्टीच आली नाही तर डायलिंगमध्ये गडबड. शिट्टी येऊन किरकिर पुन्हा पुन्हा सुरू होत असेल तर लाइन खराब. शांतता झाल्यावर अडलं तर मोडेमचं काम संपलेलं असतं, पुढचा प्रश्न पासवर्डचा किंवा सेटिंगचा. बाहेरचा मोडेम असेल तर दिवेही विचारा: ओएच लागला म्हणजे लाइन उचलली, सीडी लागला म्हणजे कॅरियर (समोरच्या मोडेमचा सिग्नल) मिळाला.

रोझेट_आणि_पक्कड

वरच्यात भर. शंभरातल्या बहुतेक तक्रारी तांब्याच्या तारेच्या असतात, पण लोक आधी विंडोज पुन्हा टाकायला बसतात. ते नका करू.

रिसीव्हर उचला आणि कोणताही एक आकडा दाबा. डायल टोन थांबतो आणि लाइन मोकळी ऐकू येते. खरखर, तडतड ऐकू आली तर कुठेतरी सांधा सैल किंवा गंजलेला आहे. एकसारखी घूंऽऽ येत असेल तर एक तार कुठेतरी ओलीला टेकून अर्थ होते आहे. पंचवटीतल्या, गोदाकाठच्या जुन्या वाड्यांत आषाढ-श्रावणात हे हमखास, कारण वायर भिजल्या भिंतीवरून खिळ्यांनी ठोकलेली असते आणि खिळ्यापाशी इन्सुलेशन फाटलेलं असतं.

मग घरातल्या पहिल्या रोझेटपाशी (भिंतीवरच्या तारा जोडायच्या डबीपाशी) जा. त्याच्या पुढची सगळी वायर सोडवा: पॅरलल फोन, कॉर्डलेस, कॉलर आयडीची डबी, सगळं. फक्त मोडेम जोडा आणि डायल करा. नीट लागलं तर दोष घरात, नाहीतर डीपी (बाहेरची जोडणीपेटी) किंवा त्यामागे. मल्टिमीटरवर फोन ठेवलेला असताना साधारण 48 व्होल्ट डीसी दिसायला हवेत, उचलल्यावर 6 ते 12 च्या आसपास. ठेवलेला असताना आकडा बराच खाली असेल तर लाइन गळते आहे किंवा एखादं पॅरलल यंत्र नीट ठेवलेलं नाही. मोजताना रिंग आली तर 75 व्होल्टच्या आसपास एसीचा झटका बसतो, उघड्या तारा बोटांत धरू नका.

रोझेटमधलं तांबं हिरवट दिसलं तर टोक कापून नवं सोला. नुसता स्क्रू आवळून आठवडाभर चालतं, पुन्हा तेच. घरातला लांब पल्ला पिळाच्या जंपर वायरने काढा. चपटी वायर रोझेट ते मोडेम एवढ्या दोन-तीन मीटरपुरतीच, आणि ट्यूबलाइटच्या पट्टीला बांधून तर मुळीच नाही.

अंबड_एमआयडीसी

कारखान्यांत वेगळं दुखणं. तिथे मोडेम ईपीएबीएक्सच्या एक्स्टेन्शनवर असतो. त्याचा डायल टोन मोडेमला ओळखू येत नाही, म्हणून एरर 680 (डायल टोन नाही). विंडोजमध्ये ‘डायल टोनची वाट पाहा’ची खूण काढा किंवा मोडेमला एटीएक्स3 (ATX3) ही कमांड द्या. नंबर 0,172222 असा टाका (0 बाहेरच्या लाइनसाठी, 172222 हा बीएसएनएलच्या डायल-अपचा जुना नंबर). स्वल्पविराम म्हणजे दोन सेकंदांचा थांबा; ट्रंक (बाहेरची लाइन) यायला उशीर लागत असेल तर दोन स्वल्पविराम. तरीही एंगेज येत असेल तर त्या एक्स्टेन्शनला 17 ची लेव्हल (17 ने सुरू होणारे नंबर) खुली आहे का ते बघा.

आणि एक्स्टेन्शनवर 56 के मागू नका. व्ही 90 ला (56 के च्या मानकाला) ग्राहकापासून पुढे एकदाच अॅनालॉगचं डिजिटल झालेलं चालतं. मधे डिजिटल ईपीएबीएक्स आला की 33.6 के च्या आतच राहाल. डायरेक्ट लाइनवर टाका.

सिडकोवाला

कॉम्प्युटरच्या बाजूचं थोडक्यात. सीरियल माउस कॉम 1 (पहिला सीरियल पोर्ट) वर आणि आतला मोडेम कॉम 3 वर असेल तर दोघे आयआरक्यू 4 (प्रोसेसरला हाक मारायची लाइन) साठी भांडतात. माउस हलवला की कनेक्शन लटकतं. मोडेम कॉम 2 वर न्या, कॉम 4 चा आयआरक्यू 3 मोकळा असेल तर तिथे. बाहेरच्या मोडेमची केबल सरळ जोडणीची हवी, नल मोडेमची (आतल्या तारा उलटसुलट केलेली) चालत नाही. जुन्या मदरबोर्डवर 16550 यूएआरटी (सीरियल पोर्टची चिप) नसेल तर 115200 चा पोर्ट स्पीड ठेवून उपयोग नाही, बाइट गळतात. 38400 वर आणा. एरर 633 म्हणजे पोर्ट आधीच कुणीतरी धरलाय, बहुधा फॅक्सचं सॉफ्टवेअर.

वळीव

मे महिन्यातला वळीव आणि परतीचा पाऊस. वीज टेलिफोनच्या तारेतूनही येते, त्यामुळे नुसता पॉवर प्लग काढून भागत नाही, आरजे 11 (टेलिफोनच्या तारेचा प्लग) ओढून काढा. वीज खाल्लेल्या मोडेमची खूण: एटी ही कमांड दिल्यावर ‘ओके’ म्हणतो, त्याच्या फोन सॉकेटवर लावलेला फोन छान चालतो, पण मोडेमला डायल टोन सापडत नाही. सॉफ्टवेअरमध्ये तास घालवू नका, मोडेम बदला.

सिडकोवाला

@वळीव, बदलण्याआधी एकदा एटीएक्स3 देऊन बघायचं. कॉल फॉरवर्डिंग चालू असेल तर काही एक्सचेंज तुटक डायल टोन देतात, आणि धडधाकट मोडेमही तो ओळखत नाही.

लॉगिन_डेस्क

एरर 691 (लॉगिन नाकारलं): कॅप्स लॉक, संपलेले तास, किंवा तेच खातं दुसरीकडे चालू. विंडोज 98 मध्ये पासवर्ड तपासताना फार वेळ लागत असेल तर सर्व्हर टाइप्समध्ये ‘लॉग ऑन टू नेटवर्क’ची खूण काढा, नेटब्युई आणि आयपीएक्स हे प्रोटोकॉल काढा, फक्त टीसीपी/आयपी ठेवा. 720 आला तर टीसीपी/आयपी डायल-अप अडॅप्टरला जोडलेलंच नाही, काढून पुन्हा घाला. कनेक्ट होतं पण पान उघडत नाही तेव्हा आधी आकड्यांचा पत्ता पिंग करा (उत्तर येतं का बघा), मग नावाचा. आकडे चालले, नाव नाही, तर दोष डीएनएसचा (नावावरून पत्ता शोधणाऱ्या सर्व्हरचा).

रोझेट_आणि_पक्कड

तुटण्याबद्दल कुणी लिहिलं नाही. ठरावीक वेळी नव्हे, कधीही तुटत असेल तर कॉल वेटिंग विचारा. त्या बीपने कॅरियर क्षणभर हरवतो. सेवा एक्सचेंजमधून बंद करून घेणं उत्तम; तोवर एटीएस10=50 द्या, म्हणजे मोडेम पाच सेकंद दम धरेल. खराब लाइनवर 56 के चा हट्टही सोडायचा: मोडेममध्ये कोनेक्झंट चिप असेल तर एटी+एमएस=व्ही34 ही कमांड द्या (टाइप करताना अर्थात रोमन अक्षरं, AT+MS=V34), म्हणजे मोडेम 33.6 के च्या आत राहील. 31200 वर टिकलेलं कनेक्शन 46000 वर लागून पुन्हा पुन्हा जुळवणी करणाऱ्यापेक्षा फाइल लवकर उतरवतं. जुळायलाच वेळ लागत असेल तर मोडेमच्या एस7 ला (जुळणीची किती सेकंद वाट पाहायची) 90 द्या, आणि विंडोजमधली ‘60 सेकंदांत न लागल्यास कॉल रद्द’ ही खूणही काढा, नाहीतर एस7 वाढवून काही फरक पडणार नाही.