मदत हवी आहे: गोळ्या संपल्यावर 'टिंग' वाजणारी बंदूक कोणती?

घाईगडबड
युद्धपटात सैनिक धडाधड गोळ्या झाडतो, शेवटी 'टिंग' असा आवाज येतो आणि काहीतरी वर उडतं. ती बंदूक कोणती? नाव आणि लांबी हवी आहे. शनिवारी प्रयोग आहे, लाकूड आणून पडलंय. शोधलं तर नुसते व्हिडिओ गेम येतात. प्लीज लवकर!

रिकामटेकडा
कुठला सिनेमा? कुठलं युद्ध? आणि प्रयोग कसला, फिजिक्सचा?

घाईगडबड
नाव आठवत नाही हो. बोटीतून उतरून किनाऱ्यावर धावतात तो. त्याने काय फरक पडतो?

जुना_फौजी
पडतो. आणि बंदूक नाही, रायफल. किनारा नॉर्मंडीचा असेल तर 6 जून 1944, सैनिक अमेरिकन, म्हणजे एम-1 गॅरंड. पत्र्याच्या क्लिपमध्ये आठ काडतुसं, ती क्लिपसकट वरून आत दाबायची. आठवी गोळी सुटली की रिकामी क्लिप बाहेर उडते, तेच तुमचं टिंग. लांबी साधारण 110 सेंमी.

मधलं_बोट
तो टिंग ऐकूनच जर्मन उठून हल्ला करायचे. कितीतरी अमेरिकन त्या पायी गेले.

जुना_फौजी
दंतकथा आहे. समोर जर्मनांची मशीनगन एमजी-42 मिनिटाला 1200 गोळ्यांच्या वेगाने ओकतेय, त्यात टिंग कुणाला ऐकू येणार? शिवाय शेजारच्याच्या रायफलीत गोळ्या असतातच की.

मधलं_बोट
मामेभावाने माहितीपटात पाहिलंय.

नियमावली
विनापरवाना शस्त्र बाळगणं गुन्हा आहे, लक्षात असू द्या.

घाईगडबड
अहो लाकडाची आहे!! नाटकासाठी!

रंदा_आणि_पटाशी
मग नाटक कशावर आहे ते सांगा ना आधी.

घाईगडबड
1962. लडाखमधली चौकी. आमचा हवालदार एकटा उरतो, शेवटची गोळी झाडतो, टिंग, आणि अंधार.

जुना_फौजी
धन्य आहे! हे पहिल्या ओळीत लिहायचं. बासष्टला आपल्या पायदळाकडे थ्री-नॉट-थ्री, म्हणजे ली-एनफील्ड रायफल. दर गोळीला बोल्ट, म्हणजे काडतूस आत सरकवणारा दांडा, उचला, मागे ओढा, पुढे ढकला, खाली पाडा. टिंगबिंग काही नाही. गॅरंड पासष्टला पाकिस्तानकडे होत्या, म्हणजे तुम्ही हवालदाराच्या हाती शत्रूची रायफल देताय.

लेक_सैनिकाची
बाबा 71 ला होते, त्यांच्याकडे एसएलआर होती, पुढची गोळी आपोआप भरणारी रायफल. 20 गोळ्यांचं मॅगझिन, दिसायलाही रुबाबदार. तीच करा.

जुना_फौजी
ताई, ती बासष्टनंतर आली.

लेक_सैनिकाची
नाटकात एवढं कोण बघतं?

जुना_फौजी
मी बघतो.

घाईगडबड
पण अख्खा शेवट टिंगवर बेतलाय!

रंदा_आणि_पटाशी
टिंग सोडा. थ्री-नॉट-थ्रीत दहा गोळ्या मावतात, संपल्या तरी बोल्ट बंद होतो. हवालदार बोल्ट ओढतो, ढकलतो, खटका दाबतो, नुसतं 'खट'. पुन्हा ओढतो. पुन्हा 'खट'. तिसऱ्यांदा हात बोल्टवरच थांबतो. मग करा अंधार.
बोल्टला दाराची लहान कडी लावा, उजव्या बाजूला, खटक्याच्या जरा वर. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो, स्वानुभव. लांबी 113 सेंमी धरा. लाकूड पार नळीच्या तोंडापर्यंत न्या, बोथट नाक हीच तिची ओळख. खटक्यापुढे मॅगझिनची छोटी पेटी खाली आलेली दिसली पाहिजे.

घाईगडबड
लाकूड 110 चंच कापलंय.

रंदा_आणि_पटाशी
दस्त्याला मागून 3 सेंमीचा तुकडा चिकटवा. खऱ्या रायफलीलाही तिथे पितळी पट्टी असते, सोनेरी रंग मारला की जोड झाकला.

घाईगडबड
कडी किती इंची?

रंदा_आणि_पटाशी
चार. आणि तेल घालू नका, खडखडू द्या.

मधलं_बोट
मामेभावाला फोन केला होता. तो म्हणतो टिंगचं खरं आहे.