९९.५ आणि ९८.५: अँटिव्हायरसच्या चाचण्या वाचून खरेदी करावी का?

खिडकीवाला (चर्चाप्रस्ताव)

अँटिव्हायरसच्या खोक्यावर, दुकानदाराच्या व्हॉट्सॅप स्टेटसवर आणि यूट्यूबवर सगळीकडे एकच मजकूर दिसतो: अमुक प्रयोगशाळेचं पदक, ९९.९ टक्के संरक्षण. माझ्या मते घरच्या विंडोज संगणकासाठी खरेदी ठरवताना या आकड्यांचा काडीचा उपयोग नाही. विंडोजसोबत फुकट येणारा अँटिव्हायरस, म्हणजे डिफेंडर, नीट चालू असेल, तर दरवर्षी परवान्याला पैसे मोजायचं कारण उरत नाही.

आधी गणित पाहू. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कंपॅरेटिव्ज ही प्रयोगशाळा 'रिअल वर्ल्ड' चाचणीच्या एका फेरीत साधारण चारशे-पाचशे प्रकरणं (घातक लिंक, फायली) घेते. समजा ४०० घेतली. एका उत्पादनाच्या हातून २ निसटली, दुसऱ्याच्या ६. तक्त्यात दिसतं ९९.५ आणि ९८.५. जाहिरातवाल्याला हा एक टक्का म्हणजे डोंगर, प्रत्यक्षात फरक चार फायलींचा. २ चुकांवरून खरा चुकण्याचा दर अंदाजे ०.१ ते १.८ टक्के यांत कुठेही असू शकतो, ६ चुकांवरून ०.६ ते ३.२. दोन्ही पट्टे एकमेकांत घुसलेले आहेत. शून्य चुका झाल्या तरी एवढंच म्हणता येतं, की खरा दर पाऊण टक्क्याच्या वर बहुधा नसावा.

जर्मनीतल्या माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरसुलभता यांना प्रत्येकी ६ असे १८ गुण देते. १७.५ मिळाले की 'टॉप प्रॉडक्ट'. यादी उघडून पाहा, बहुतेक नावाजलेली उत्पादनं साडेसतरा ते अठरात दाटीवाटीनं बसलेली असतात. जिथं सगळेच पहिल्या वर्गात येतात, तिथं गुणपत्रिका बघून निवडायचं काय?

विदाग्राही

निष्कर्षाचा अर्धा भाग मान्य, पण त्याला पोचायची वाट चुकली आहे.

दोन स्वतंत्र पट्टे काढून 'एकमेकांत घुसले, म्हणजे फरक नाही' असं इथं म्हणता येत नाही, कारण नमुने स्वतंत्र नाहीत. प्रत्येक उत्पादन वेगळ्या पण सारख्याच संगणकावर बसवतात, आणि तीच घातक लिंक सगळीकडे एकाच वेळी उघडतात. ही जोडीची तुलना आहे. तेव्हा फक्त अशी प्रकरणं मोजायची जिथं एक चुकला आणि दुसरा चुकला नाही. तुमच्या उदाहरणात चुका वेगवेगळ्या फायलींवर झाल्या असतील तर ती ६ विरुद्ध २ झाली. निव्वळ योगायोगानं इतका किंवा याहून मोठा फरक पडायची शक्यता सुमारे २९ टक्के. त्यामुळे एका फेरीवरून निवड करू नये, हे खरंच.

पण असंच प्रमाण सलग चार फेऱ्या टिकलं तर हिशेब २४ विरुद्ध ८ होतो आणि योगायोगाची शक्यता एका टक्क्याच्याही खाली येते. म्हणून वर्षभराचे अहवाल शेजारीशेजारी ठेवून वाचायचे. प्रयोगशाळेलाही हे ठाऊक आहे. एव्ही-कंपॅरेटिव्ज अर्ध्या टक्क्याच्या फरकावर क्रमांक लावत नाही, जवळपासच्या निकालांचे गट पाडून पुरस्कार देते. क्रमांक लावतो तो जाहिरातवाला.

आणि डिफेंडर पुरतो हे तुम्हाला कळलं कुठून? २०१२च्या अखेरीस याच एव्ही-टेस्टनं मायक्रोसॉफ्ट सिक्युरिटी इसेन्शियल्सचं (डिफेंडरच्या आधीच्या फुकट अँटिव्हायरसचं) प्रमाणपत्र रोखलं होतं. २०१९मध्ये डिफेंडर १८ पैकी १८ घेत होता. फुकटचा अँटिव्हायरस तेव्हा पुरत नव्हता आणि पुढे पुरायला लागला, ही माहिती चाचण्यांतूनच आली. त्यांना निरुपयोगी म्हणता म्हणता तुम्ही त्यांच्याच खांद्यावर उभे आहात.

खोडरबर

चाचणीचा पैसा कुठून येतो हे कुणी बोलतच नाही. सार्वजनिक चाचण्यांत भाग घेणाऱ्या कंपन्या शुल्क भरतात. निकाल छापण्यापूर्वी निसटलेल्या प्रकरणांवर हरकत घ्यायची मुभा त्यांना असते. ज्याची परीक्षा, त्याचाच खर्च.

२०१५ आठवा. चीनच्या चिहू ३६० या अँटिव्हायरस कंपनीनं चाचणीला दिलेल्या प्रतीत बिटडिफेंडर या दुसऱ्या कंपनीचं इंजिन (व्हायरस ओळखणारा गाभा) चालू होतं, आणि त्यांच्या देशातल्या ग्राहकांना मिळणाऱ्या प्रतीत ते मुळात बंद असायचं. पाठोपाठ चीनच्याच टेन्सेंटचं प्रकरण आलं, त्यात वेगाच्या चाचणीत चांगलं दिसण्यापुरत्या खास सोयी केलेल्या सापडल्या.

त्याआधी २०१०मध्ये कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीनं मुद्दाम एक प्रयोग केला होता. २० निरुपद्रवी फायली तयार केल्या, त्यातल्या १० 'घातक' म्हणून खोट्याच नोंदवल्या आणि व्हायरसटोटलवर (एकच फाइल अनेक अँटिव्हायरसांकडून तपासून देणाऱ्या संकेतस्थळावर) चढवल्या. दहा दिवसांत १४ पर्यंत इतर कंपन्या त्याच फायली घातक ठरवायला लागल्या. शेजारच्याची उत्तरपत्रिका बघून लिहिणारे इतके असतील, तर ९९ टक्के कुणाच्या अभ्यासाचे?

विदाग्राही

@खोडरबर, चिहू आणि टेन्सेंटची चोरी पकडली कुणी? एव्ही-कंपॅरेटिव्ज, एव्ही-टेस्ट आणि व्हायरस बुलेटिन या तिघांनी मिळून, आणि पुरस्कार काढूनही घेतले. तुमचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे.

शुल्काचा प्रश्न खरा आहे. पण वर्गणी भरून असे अहवाल विकत घेणारा ग्राहक जगात फारसा नाही, त्यामुळे पैसा कंपन्यांकडूनच येणार. पाहायचं ते इतकंच, की पद्धत आधी जाहीर केली होती का, आणि कमी गुण पडले तरी निकाल छापला गेला का. २००८मध्ये स्थापन झालेल्या अ‍ॅम्टसो संघटनेचा चाचणी-मानदंड यासाठीच आहे. त्यावरही भांडणं झाली. एनएसएस लॅब्ज या चाचणी-प्रयोगशाळेनं २०१८मध्ये क्राउडस्ट्राइक, सिमँटेक, ईसेट या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपन्यांवर आणि खुद्द अ‍ॅम्टसोवर दावा लावला. २०२०मध्ये एनएसएस बंद पडली. म्हणजे हा धंदा साजूक नाही, पण यूट्यूबवरच्या 'टेस्ट'पेक्षा शंभर पटीनं बरा.

टॅलीवाला

यूट्यूबचा विषय निघालाच आहे तर. ती पद्धत अशी: कुठून तरी ५०० घातक नमुन्यांची झिप आणायची, डेस्कटॉपवर उघडायची, राइट क्लिक करून स्कॅन मारायचा आणि उरलेल्या फायली मोजायच्या. यात काय काय बिघडतं ते सांगतो.

नमुने जिवंत आहेत की नाही हे कुणी तपासलेलं नसतं. ज्या सर्व्हरवरून पुढचा भाग उतरायचा तो केव्हाच बंद पडलेला असतो, मग ती फाइल चालवली तरी काहीच करत नाही. अशी फाइल सोडून दिली म्हणून गुण कापणं अन्याय आहे. व्हर्च्युअल मशीन (संगणकातला नकली संगणक) ओळखून गप्प बसणारं मालवेअरही भरपूर. दुसरं, इंटरनेटवरून आलेल्या फाइलला विंडोज 'ही बाहेरून आली आहे' अशी खूण चिकटवतं आणि स्मार्टस्क्रीन (अनोळखी फाइल उघडताना अडवणारी विंडोजची सोय) त्या खुणेवर चालतो. काही झिप सॉफ्टवेअरं फाइल बाहेर काढताना ती खूण टाकून देतात, म्हणजे संरक्षणाचा एक थर चाचणीआधीच गळाला. तिसरं, फाइल चालवल्यावर तिचं वागणं पाहून अडवणारी जी यंत्रणा असते, ती निव्वळ स्कॅनमध्ये कामालाच लागत नाही.

आयकारच्या ६८ बाइटच्या निरुपद्रवी चाचणी-फाइलवरून 'आमचा अँटिव्हायरस पास' म्हणणारेही आहेत. त्या फाइलनं अँटिव्हायरस जागा आहे इतकंच कळतं.

आता माझा मूळ आक्षेप दोघांवरही आहे. तुम्ही निसटलेल्या फायलींवर भांडताय. हिशेबाच्या कार्यालयात त्रास होतो तो चांगली फाइल घातक ठरवल्यामुळे. काल्पनिक आकडे घ्या: वर्षात १०,००० नव्या फायली उघडल्या, त्यात ५ घातक. अँटिव्हायरसनं पाचही पकडल्या आणि चांगल्या फायलींत हजारात एक चूक केली. म्हणजे १५ इशारे आले, त्यातले १० खोटे. तीन महिन्यांत माणूस इशारा न वाचता 'अलाउ' दाबायला शिकतो, आणि सोळावा इशारा खरा निघतो. २१ एप्रिल २०१०ला मॅकाफीच्या एका अपडेटनं विंडोज एक्सपीची स्वतःची एसव्हीसीहोस्ट फाइलच व्हायरस ठरवली, जगभर संगणक पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत बसले. तेव्हा अहवाल उघडला की आधी 'फॉल्स पॉझिटिव्ह'चा रकाना बघा. एव्ही-कंपॅरेटिव्ज खोटे इशारे जास्त देणाऱ्याला पुरस्कारात खाली ओढते. एव्ही-टेस्ट त्यांना वापरसुलभतेच्या ६ गुणांत धरते, पण बेरजेत ते दिसत नाहीत, सुटे गुण पाहावे लागतात.

वेगाचंही तसंच. चाचणी होते एसएसडी लावलेल्या, नव्यानं विंडोज टाकलेल्या संगणकावर. जुन्या हार्ड डिस्कवर आणि ४ जीबी मेमरीवर तोच अँटिव्हायरस वेगळाच जाणवतो. तिथं ३० दिवसांची चाचणी-प्रत टाकून स्वतः पाहण्याला पर्याय नाही.

खिडकीवाला

हे सगळं माझ्याच बाजूला जातंय. अहवाल वाचायला एवढं शिकावं लागत असेल, तर साध्या ग्राहकानं डिफेंडरवर थांबावं.

पेनड्राइव्ह

थांबा. डिफेंडरवर थांबा म्हणताना एक रकाना कुणीच काढला नाही.

एव्ही-कंपॅरेटिव्जची दुसरी एक चाचणी मार्च आणि सप्टेंबरमध्ये होते, सुमारे १०,००० नमुन्यांची, 'मालवेअर प्रोटेक्शन'. त्यात तीन आकडे असतात: इंटरनेट बंद असताना ओळखलेले, इंटरनेट चालू असताना ओळखलेले, आणि चालवून पाहिल्यावर अडवलेले. डिफेंडर क्लाउडवर (इंटरनेटवरून मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारण्यावर) फार टेकलेला आहे, त्यामुळे त्याचा ऑफलाइन आकडा अनेक फेऱ्यांत ऑनलाइनपेक्षा बराच खाली आला आहे. बिटडिफेंडरचं इंजिन वापरणाऱ्यांचा तेवढा घसरत नाही.

पुण्यामुंबईच्या घरात फायबर असेल तर हा रकाना सोडून द्या. पण झेरॉक्सच्या दुकानात दिवसाला पन्नास जणांचे पेनड्राइव्ह लागतात, शाळेची संगणक-खोली आठवड्यातून दोनदा नेटवर येते, ग्रामपंचायतीत नेट असतं आणि नसतं. तिथं शॉर्टकट व्हायरस अजून जिवंत आहे. त्या ठिकाणी मी पैसे देऊन ऑफलाइन आकडा चांगला असलेला घेईन. सिग्नेचर (व्हायरस ओळखायच्या खुणा) अपडेट फोनच्या हॉटस्पॉटवरून दिवसाला एकदा तरी करायचे, हे ओघानं आलंच.

आणि विकत घेताना कुणाचं इंजिन आहे ते पाहा. जी डेटा आणि व्हायपर बिटडिफेंडरचं इंजिन वापरतात. अव्हास्ट, एव्हीजी, अविरा, नॉर्टन चारही आता जेन डिजिटल या एकाच कंपनीचे. अव्हास्ट आणि एव्हीजीचे निकाल तर इतके मिळतेजुळते, की त्यांच्यात 'तुलना' करणारा लेख म्हणजे कागदाची नासाडी.

शून्यदिवस

चाचण्या काय मोजत नाहीत याची यादी मोठी आहे, दोनच सांगतो.

एक, अँटिव्हायरस स्वतः किती सुरक्षित. हल्लेखोरांनी ई-स्कॅन या अँटिव्हायरसचे अपडेट वाटेत अडवून त्यातून गुप्टिमायनर नावाचं मालवेअर घुसवलं, हे अव्हास्टनं एप्रिल २०२४मध्ये जाहीर केलं. अपडेट साध्या, कूटबद्ध नसलेल्या एचटीटीपीवरून उतरत होते म्हणून ते जमलं. ई-स्कॅननं ते २०२३मध्येच दुरुस्त केलं होतं. दोन, तुमची माहिती कुठं जाते. त्याच अव्हास्टनं ग्राहकांच्या ब्राउझिंगची माहिती जंपशॉट या उपकंपनीमार्फत विकली आणि २०२४मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. ज्या वर्षांत माहिती विकली जात होती, त्या वर्षांत संरक्षणाचे गुण उत्तम होते.

शिवाय चाचणीचा विंडोज पूर्ण अपडेट केलेला असतो. विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. डिफेंडरचे सिग्नेचर तिथं पुढेही येत राहणार आहेत, पण विंडोजमधली भोकं त्यानं बुजत नाहीत. वाढीव अपडेट न घेता त्यावर बसलेल्यानं ९९.५ हा आकडा आपल्याला लागू आहे असं समजू नये.

आणि इथं लोकांचे पैसे जातात ते व्हॉट्सॅपवर आलेल्या 'आरटीओ चलन' किंवा लग्नपत्रिकेच्या एपीके फाइलमुळे, नाहीतर 'डिजिटल अरेस्ट'च्या फोनमुळे. पहिल्यासाठी फोनवर अनोळखी स्रोतातून अ‍ॅप टाकायची परवानगी बंद ठेवणं आणि प्ले प्रोटेक्ट चालू असणं पुष्कळ आहे. दुसऱ्याला कुठलाच अँटिव्हायरस अडवत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

खोडरबर

तुमच्या यादीत एक जोडतो: फुकटात मिळवलेलं चोरीचं सॉफ्टवेअर. ऑफिसचा 'अ‍ॅक्टिव्हेटर' चालवायचा म्हणून अँटिव्हायरस दहा मिनिटं बंद करणाऱ्याला कुठल्या प्रयोगशाळेचं पदक वाचवणार?

खिडकीवाला

मग डिफेंडर 'नीट चालू' म्हणजे काय ते लिहून टाकतो, वाद घालायला सोपं जाईल. विंडोज सिक्युरिटी उघडा. व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनच्या मॅनेज सेटिंग्जमध्ये रिअल-टाइम, क्लाउड-डिलिव्हर्ड आणि टँपर प्रोटेक्शन ही तिन्ही बटणं चालू हवीत. अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोलमध्ये रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शनच्या आत नको असलेली अ‍ॅप अडवायची सोय आहे, तिचे दोन्ही चौकोन टिक करा. रॅन्समवेअरसाठी (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या मालवेअरसाठी) कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस चालू करा. पूर्वी दुसरा अँटिव्हायरस टाकला असेल आणि त्याची मुदत संपली असेल तर तो काढून टाका. तो पडून असेपर्यंत डिफेंडर लगेच जागा होईलच असं नाही.

टॅलीवाला

कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस कार्यालयात डोळे मिटून चालू करू नका. ते मुळात डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठरावीक फोल्डरांनाच धरतं. टॅलीचा डेटा डी ड्राइव्हवर असेल तर तो फोल्डर यादीत हातानं घालावा लागतो. घातल्यावर टॅलीलाच लिहायला अडवलं जाऊ शकतं, म्हणून 'अलाउ अ‍ॅन अ‍ॅप'मध्ये टॅलीची फाइल आधी नोंदवा, मगच चालू करा, आणि एक खोटं व्हाउचर टाकून सेव्ह होतंय का ते पाहा. हे मार्चअखेरीला करू नका. रोजचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या आणि घेऊन झाला की ती डिस्क उपसून ठेवा. लावलेली राहिली तर रॅन्समवेअर तीही धरतं.