न्यूयॉर्क–लंडन: अंतर एकच, मग जाता-येता वेळ वेगळा का?

भिरभिरे:
न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ ते लंडनचा हीथ्रो हे अंतर एका ठिकाणी ५,५४० दिसतं, दुसरीकडे २,९९१, तिसरीकडे ३,४४२. ताशी ९०० किमी वेग धरला तर सव्वासहा तासांच्या आत पोचायला हवं. तिकिटावर मात्र लंडनला जाताना साधारण सात तास आणि परतीला आठ. स्वतः हिशोब करावा म्हणून एक्सेलमध्ये अक्षांश-रेखांशांवरून अंतर काढायचं सूत्र घातलं, तर भलताच आकडा आला. काय चुकतंय?

अक्षांश:
तिन्ही आकडे बरोबर आहेत, एककं वेगळी. ५,५४० किलोमीटर, २,९९१ सागरी मैल (१ = १.८५२ किमी) आणि ३,४४२ साधे मैल (१ = १.६०९ किमी). सागरी मैलाला साधा मैल समजून गुणाकार केला की सातशेहून जास्त किमी गायब होतात.

सूत्र असं: दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. त्यात दोन्ही कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार मिळवा. बेरजेचा व्यस्त कोसाइन (ज्या कोनाचा कोसाइन ती बेरीज आहे तो कोन) काढून अंशांत आणा आणि १११.२ ने गुणा (पृथ्वीवर एक अंश म्हणजे इतके किमी). जेएफके ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम, हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. बेरीज ०.६४५, कोन ४९.८३ अंश, अंतर ५,५४० किमी.

एक्सेलला कोन रेडियनमध्ये लागतो (कोनाचं दुसरं एकक, १८० अंश = π रेडियन). अंश तसेच घातलेत म्हणून भलतं उत्तर आलं असणार. पश्चिम रेखांश दोन्हीकडे ऋण घ्या. हीथ्रो शून्य रेषेला अगदी खेटून आहे, त्यामुळे तिथलं वजाचं चिन्ह हमखास सुटतं आणि अंतर ६० किमीनं फुगतं.

उलटा वारा:
आता वेळ. ५,५४० हे गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर. उड्डाणानंतरचा आणि उतरण्याआधीचा ठरावीक मार्ग, शिवाय वाऱ्यासाठी घेतलेला वळसा धरून हिशोबाला ५,७०० घ्या. ताशी ९०० हा वेग हवेच्या तुलनेतला असतो, जमिनीच्या नाही. अटलांटिकवर जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. सरासरी १०० किमीचा वारा धरला तर लंडनला जाताना ५,७०० ÷ १,००० = ५ तास ४२ मिनिटं, परतताना ५,७०० ÷ ८०० = ७ तास ८ मिनिटं. (जाताना वाचलेला वेळ येताना वसूल होतो, वर थोडं व्याजही जातं!)

त्यात चढण-उतरणीचा मंद वेग आणि दोन्हीकडचं टॅक्सीइंग (विमानाचं गेट आणि धावपट्टीदरम्यान जमिनीवर चालणं) मिळून पाऊण-एक तास घाला. तिकिटावरचा वेळ चाकं हवेत असतानाचा नसतो; गेटवरून हलल्यापासून गेटला लागेपर्यंतचा असतो. पाठीमागून जोराचा वारा असला तर विमान त्या वेळेआधी पोचतं. फेब्रुवारी २०२० मध्ये याच मार्गावर ब्रिटिश एअरवेजचं ७४७ पाच तासांच्या आत पोचलं होतं, तेही ध्वनीचा वेग न ओलांडता, कारण जमिनीवरचा वेग वाऱ्यानं वाढवलेला होता.

भिरभिरे:
रेडियनचाच घोळ होता, आता ५,५४० आलं. पण सुटायची आणि पोचायची वेळ वजा केली तर एका तारखेला एक तास कमी-जास्त येतो.

अक्षांश:
तारीख मार्चमधली आहे का? दोन्ही शहरांत एरवी पाच तासांचा फरक. पण उन्हाळ्यासाठी अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात, ब्रिटनमध्ये शेवटच्या रविवारी. मधल्या काळात फरक चारच तासांचा. घड्याळं मागे येतानाही तसंच: ब्रिटनमध्ये ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, अमेरिकेत नोव्हेंबरचा पहिला रविवार. सुटायची आणि पोचायची वेळ आधी जीएमटीत (ग्रीनिचच्या प्रमाणवेळेत) आणा, मगच वजाबाकी करा.