डर्बीची रात्र आणि तान्ह्या पोळ्याची वर्गणी

सोसायटी ग्रुप, रविवार, १७ ऑगस्ट २०२५, रात्री ९ नंतर

सोहम साहा, बी-३०२: २-१!!! जय ईस्ट बंगाल ❤️💛 घोष काका, कुठे आहात? ऑनलाइन तर दिसून राहिले.

घोष काका, ए-१०४: इथेच आहे. जेवतोय.

सोहम: कोळंबी का? तुम्हा बागानवाल्यांचा जिंकल्यावरचा बेत 😂

प्रणय, सी-२०१: कोण जिंकलं बे? कशात?

सोहम: फुटबॉल. ड्युरँड कप, क्वार्टर फायनल. कोलकात्याची डर्बी, एकाच शहरातले दोन क्लब. मोहन बागान हरून घरी. डायमंटाकोसचे दोन्ही गोल. तो तर बेंचवर होता, हमीद जखमी झाला म्हणून आत आला.

प्रणय: हाव का. मी तं आपल्या मँचेस्टर युनायटेडची आर्सेनलशी मॅच लावली आता. हे कोण पाह्यते?

सेक्रेटरी मॅडम: कृपया ग्रुपवर सोसायटीचेच विषय ठेवावेत. तान्ह्या पोळ्याची वर्गणी बऱ्याच घरांची बाकी आहे. शनिवारी पोरं नंदी सजवून येतील तेव्हा खाऊ काय द्यायचा? आणि बी विंगमध्ये थाळी कोण वाजवत होतं?

साहा काकू, बी-३०२: मॅडम, ती थाळी माझीच 🙏 वर्गणी सकाळीच देते.

घोष काका: वाजवा हो, थाळी वाजवा. आमच्या अनिरुद्ध थापाने ६८ व्या मिनिटाला गोल केल्यावर तुमचा श्वास अडकला होता ते सांगू नका. आणि तो अन्वर अली! एक वर्ष आमचा बॅक होता, आयएसएल लीगची शील्ड जिंकला आमच्यासोबत, अन् आता ईस्ट बंगालकडे जाऊन आम्हालाच अडवतो. गद्दार.

सोहम: गद्दार कसा काका? क्लब बदलला म्हणून फुटबॉल फेडरेशननं २०२४ मध्ये चार महिने बंदी घातली, १२ कोटी ९० लाख भरा म्हटलं, मग प्रकरण कोर्टात गेलं. तरी पोरगा खेळूनच राहिला ना. तुम्ही त्याला सांभाळलं नाही, त्याचं काय?

घोष काका: हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे.

बावणे काका, सी-००२: घोषबाबू, मी वाचला तो. असं बोलू नका, पोरगं आहे.

बावणे काका: आता मी बोलतो, दोघंही ऐका. परवा १५ ऑगस्टले आपण सगळे खाली झेंड्याजवळ होतो. कोणाले फुटबॉलवाला हबीब आठवला का? मोहम्मद हबीब, हैदराबादचा माणूस, बडे मियाँ. २०२३ साली त्याच दिवशी गेला. ईस्ट बंगाल, मोहन बागान, मोहामेडन, तिन्हीकडून खेळला. १९७७ ले पेले त्याचा न्यूयॉर्कचा क्लब कॉसमॉस घेऊन ईडन गार्डन्सवर बागानशी खेळायले आला, मॅच २-२ झाली. बागानचा एक गोल हबीबचा, दुसरा श्याम थापाचा. अन् हाच श्याम थापा १९७५ च्या आयएफए शील्ड स्पर्धेच्या फायनलले ईस्ट बंगालकडून बागानवर दोन गोल मारून बसला होता. पाच-शून्य! दोन वर्षांत तुमच्याच शर्टात. त्याले गद्दार म्हटलं का घोषबाबू?

घोष काका: म्हटलं होतं. पेलेसमोर गोल केल्यावर माफ केलं.

प्रणय: 😂😂 काका एक नंबर

साहा काकू: पाच-शून्यचा पहिला गोल सुरजित सेनगुप्ताचा. २०२२ मध्ये जानेवारीत ईस्ट बंगालचा सुभाष भौमिक गेला, पुढच्याच महिन्यात सुरजित. ह्यांनी दोन दिवस कोणाशी धड बोलणं केलं नाही. मी म्हटलं, तुमचा भाऊ गेला का? तर म्हणे, हो.

प्रणय: आरआयपी लिजंड्स 🙏

बावणे काका: आरआयपी टाकून मोकळे होता तुम्ही पोट्टे. एक तरी मॅच बघा त्यांची. पीके बॅनर्जी आमच्या रेल्वेचे, ईस्टर्न रेल्वे. दोन्ही मोठ्या क्लबांकडून एकदाही खेळले नाहीत. तरी १९७५ ले ईस्ट बंगालचे कोच अन् १९७७ ले बागानचे. आता कोचलेही गद्दार म्हणता का?

घोष काका: पण चुनी गोस्वामी कुठेच गेले नाहीत. जन्मभर बागान. १९६२ ला जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये भारतानं सोनं जिंकलं तेव्हा कॅप्टन तेच, फायनलला गोल पीकेंचा आणि जर्नैलसिंगचा. २०२० मध्ये दोघंही चाळीसेक दिवसांच्या अंतरानं गेले, तेही लॉकडाऊनच्या सुमारास. धड निरोपही देता आला नाही.

साहा काकू: तेव्हा तुम्ही जिन्यात रडला होतात, मी पाहिलं.

घोष काका: वहिनी, ग्रुपवर नको.

सोहम: सॉरी काका. कोळंबीचं सहज म्हटलं.

घोष काका: ते ठीक आहे रे. पण कालची तारीख तुला माहीत आहे का? १६ ऑगस्ट. १९८० ला ईडनवर ह्याच मॅचला दंगल झाली, सोळा प्रेक्षक मेले. दोन खेळाडूंची चकमक मैदानात झाली आणि स्टँडमध्ये लोक एकमेकांवर धावले. मेलेल्यांत तुमचेही होते, आमचेही. त्या दिवशी कोलकात्यात अजून रक्तदान होतं. म्हणून थाळीपर्यंत ठीक आहे.

बावणे काका: कामठीत आम्ही खेळायचो तेव्हा मॅच संपली की हरलेल्यांनी चहा पाजायचा. साधा नियम. अजनीतही तोच.

सोहम: मग उद्या चहा घोष काकांकडे.

घोष काका: ये. कोळंबी नाही मिळणार.

सेक्रेटरी मॅडम: वर्गणी!

प्रणय: आर्सेनलनं टाकला आम्हाले एक. कोणी काही बोलू नका.

साहा काकू: सेमीफायनल बुधवारी ना रे? समोर कोण?

सोहम: डायमंड हार्बर. काल-परवाचा क्लब आहे आई, २०२२ चा. थाळी काढून ठेव.