विषय: शाळेत मुलाच्या हातून दुसऱ्याला लागलं तर भरपाई कोणी द्यायची? (जपान)

नमस्कार मंडळी,
घाईत लिहितेय. मुलगा इथल्या जपानी शाळेत तिसरीत आहे, काल मधल्या सुट्टीत पकडापकडी खेळताना त्याचा धक्का लागून वर्गातली एक मुलगी पडली आणि तिचा पुढचा दात तुटला. मुद्दाम नाही केलं हे सेन्सेईंनी (शिक्षकांनी) पण सांगितलं. मला लगेच तिच्या घरी जायचंय पण नवरा म्हणतोय थांब, माफी मागितली तर चूक कबूल केल्यासारखं होईल. सगळा खर्च आमच्यावर येईल का? प्लीज कोणीतरी सांगा.

---

ताई, आधी भेटायला जा, जमलं तर आजच. मनापासून माफी मागितली एवढ्यावरून कायद्याची जबाबदारी बसत नाही, आणि इथे न जाण्याने मात्र संबंध कायमचे बिघडतात. फक्त 'सगळा खर्च आम्ही देऊ' असं तोंडी किंवा लेखी काही कबूल करू नका.

आता कायदा. जपानच्या सिव्हिल कोडच्या (दिवाणी कायद्याच्या) कलम 712 प्रमाणे आपल्या वागण्याची जबाबदारी कळण्याइतकी समज नसलेल्या मुलाकडून भरपाई मागता येत नाही, कोर्टं ही समज साधारण 11-12 व्या वर्षी येते असं धरतात. मग कलम 714 येतं, म्हणजे भरपाई पालकांकडून, आणि आपण देखरेखीत कमी पडलो नाही हे पालकांनीच दाखवायचं. वर्षानुवर्षं ते दाखवून सुटणारे पालक फार थोडे होते. 9 एप्रिल 2015 ला सुप्रीम कोर्टाने यात मोठा बदल केला. 11 वर्षांचा मुलगा शाळा सुटल्यावर मैदानात फ्री किकची प्रॅक्टिस करत होता, बॉल गेटवरून रस्त्यावर गेला, तो चुकवताना मोटारसायकलवरचे ऐंशीच्या पुढचे आजोबा पडले, पाय मोडला आणि पुढच्या वर्षी न्यूमोनियाने वारले. खालच्या दोन्ही कोर्टांनी पालकांना एक कोटी येनच्या वर भरपाई लावली होती, ती सुप्रीम कोर्टाने रद्द केली. मैदानात गोलकडे बॉल मारणं हे एरवी कोणाला इजा करणारं कृत्य नाही आणि आईवडिलांनी नेहमीची शिस्त लावलेली होती, असं कोर्टाचं म्हणणं. मला हा निकाल फार न्याय्य वाटतो, नाहीतर मुलांनी खेळायचं कुठे?

तुमच्या प्रसंगाला त्याहून जवळचा निकाल 1962 चा आहे. पकडापकडी खेळताना दुसरीतल्या मुलाकडून दुसऱ्या मुलाचा हात मोडला होता, तेव्हाही सुप्रीम कोर्टाने म्हटलं की खेळ नेहमीसारखा चालू असताना असं झालं तर ते बेकायदेशीर ठरत नाही.

पैशाचं म्हणाल तर शाळेत प्रवेश घेताना जपान स्पोर्ट कौन्सिलच्या योजनेच्या फॉर्मवर बहुतेक सगळ्यांनीच सही केलेली असते. त्यातून जखमी मुलाचा उपचार खर्च मिळतो, चूक कोणाची हे बघत नाहीत. मुलीच्या पालकांनी शाळेमार्फत अर्ज करायचा. आणि आज रात्री तुमचा कार, घर, सायकल यांचा विमा काढून बघा, त्यात 'कोजिन बाइशो' (आपल्या घरच्यांकडून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा) जोडलेलं आहे का. असेल तर पैशाचं काही ठरवायच्या आधी कंपनीला फोन करा. पण एक लक्षात घ्या, कायद्याने जबाबदारी बसतच नसेल तर विमाही पैसे देत नाही, मग जे द्यायचं ते ओमिमाई म्हणून, म्हणजे विचारपूस करताना देतात ती भेट म्हणून, स्वतःहून द्यायचं.

शाळेचं लक्ष नव्हतं असं निघालं तर तो वेगळा विषय, सरकारी शाळेत तो दावा नगरपालिकेवर जातो, सेन्सेईंवर नाही.

---

वरचं सगळं पटलं, पण मी दुसऱ्या बाजूची आई आहे, आमच्या मुलीचा दात असाच गेला होता म्हणून सांगते. दाताचं काम एका भेटीत संपत नाही, मूल मोठं होईपर्यंत चालतं. त्या योजनेत एकाच दुखापतीचा खर्च 10 वर्षांपर्यंत मिळतो पण तो आरोग्य विम्यात बसणाऱ्या उपचारांचाच, आणि 2 वर्षांत मागितला नाही तर हक्क जातो. तिच्या आईला हे माहीत नसेल तर भेटायला गेल्यावर तुम्हीच सांगा, आणि ज्या दिवशी पडली त्या दिवसाची नोंद शाळेत झालीय ना तेवढं सेन्सेईंना विचारून घ्या.