मदत हवी आहे : ब्रिटिश पाहुण्यांचा भारताचा व्हिसा (तातडीचे)

गंगापूर_रोड : नमस्कार. आजीचे सहस्रचंद्रदर्शन डिसेंबरात नाशिकला आहे आणि त्यासाठी लंडनहून माझी मावसबहीण (ताई) व तिचे ब्रिटिश यजमान येणार आहेत. यजमानांचा ई-व्हिसाचा अर्ज भरायला घेतला, तर एका संकेतस्थळाने अवाच्या सवा शुल्क मागितले. शिवाय 'भारतातील संदर्भ' म्हणून कोणाचे नाव द्यायचे, हेही कळत नाही. ताईचा प्रश्न नाही. तिकिटे खोळंबली आहेत, तरी कृपया लवकर सांगावे.

सातपूरकर : इतकी धावपळ कशाला? मुंबईला उतरल्यावर विमानतळावरच व्हिसा मिळतो. आमच्या कारखान्यात आलेल्या जपानी अभियंत्यांना तसाच मिळाला होता.

द्राक्षवेल : जपान्यांना मिळाला असेल, कारण ती सोय जपान, दक्षिण कोरिया आणि काही अटींवर संयुक्त अरब अमिराती यांच्याच नागरिकांना आहे. ब्रिटिश माणूस त्या भरवशावर निघाला, तर त्याला लंडनलाच विमानात चढू देणार नाहीत. अर्ज 'जीओव्ही डॉट इन'ने संपणाऱ्या सरकारी संकेतस्थळावरच भरावा. हुबेहूब तसेच दिसणारी बाकीची दुकाने दलालांची असतात. संदर्भ म्हणून तुमचे नाव, पत्ता आणि फोन चालेल. 30 दिवसांच्या पर्यटक ई-व्हिसाचा अर्ज आगमनाच्या आधीच्या 30 दिवसांतच करता येतो, एक किंवा पाच वर्षांच्या व्हिसाचा मात्र 120 दिवस आधीपासून. पासपोर्टला आगमनापासून किमान 6 महिने मुदत आणि 2 कोरी पाने हवीत. पण ताईंचा प्रश्न का नाही?

गंगापूर_रोड : तिच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे आणि त्याची मुदतही शिल्लक आहे. मी यजमानांबद्दल विचारले होते.

द्राक्षवेल : ताईंनी ब्रिटिश नागरिकत्व घेतले आहे का?

गंगापूर_रोड : गेल्या वर्षी घेतले. त्याचा इथे काय संबंध?

द्राक्षवेल : तोच तर खरा प्रश्न आहे. नागरिकत्व कायदा, 1955 च्या कलम 9 नुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतले, की भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. पासपोर्टवर छापलेली मुदत मग कामाची नाही आणि त्यावर प्रवास करणे हा गुन्हा आहे. ताईंनी आधी तिथल्या भारतीय उच्चायुक्तालयाकडे तो पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट (पासपोर्ट परत केल्याचा दाखला) घ्यावे आणि मग ब्रिटिश पासपोर्टवर यजमानांसारखाच ई-व्हिसा काढावा.

परदेशस्थ_काका : ई-व्हिसाच्या नादी लागूच नका. दोघांनाही ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व त्यांच्या जोडीदारांना मिळणारे, आजीवन व्हिसासारखे कार्ड) काढायला सांगा, म्हणजे जन्मभराची कटकट मिटली. आम्ही सगळ्या कुटुंबाचे काढले आहे.

द्राक्षवेल : काका, सरेंडर सर्टिफिकेट ओसीआयलाही लागतेच. यजमानांना तर ताईंचे ओसीआय झाल्यावर आणि नोंदणीकृत विवाहाला सलग दोन वर्षे झालेली असल्यासच अर्ज करता येईल. डिसेंबरच्या कार्यक्रमासाठी हा मार्ग लांबचा आहे.

परदेशस्थ_काका : लांबचा असला तरी कधीतरी धरावाच लागतो. दर वेळी व्हिसाचे पैसे का घालवायचे?

गंगापूर_रोड : ताईला आत्ताच फोन केला. पासपोर्ट उद्याच जमा करण्याच्या तयारीला लागते म्हणाली. ती दोघे आमच्याच घरी उतरतील, त्यामुळे निवासाचे तरी काही कागद लागणार नाहीत ना?

धरणाजवळचा_होमस्टे : लागतील. परदेशी पाहुणा घरी उतरला, तरी 24 तासांच्या आत त्याची नोंद ज्यांच्या घरी तो उतरला त्यांनीच ऑनलाइन करायची असते. आम्ही सगळे तिला अजून 'फॉर्म सी'च म्हणतो. ताईही आता परदेशी पासपोर्टवर येणार, म्हणून त्यांचीही नोंद करावी. खाते आधीच उघडून ठेवा. पाहुणे रात्री मुंबईला उतरून पहाटे कसाऱ्याच्या घाटातून दमून आलेले असताना पासपोर्ट मागून फोटो काढत बसणे बरे दिसत नाही. पासपोर्टच्या पानाची आणि व्हिसाची प्रत त्यांच्याकडून आधीच मागवून घ्या, प्रवेशाच्या शिक्क्याचा फोटो मात्र ते आल्यावरच मिळेल.

गंगापूर_रोड : खाते माझ्या नावाने उघडू की वडिलांच्या? घर त्यांच्या नावावर आहे.

धरणाजवळचा_होमस्टे : वडिलांच्या नावाने उघडा, मोबाइल क्रमांक तुमचा द्या.